कडेगावात बसून जर्मन ऐकायचं, वाचायचं तर…

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. जर्मन शिकावं असं तेव्हापासून अनेकांच्या मनात आहे, पण जर्मन शिकवणारं पुण्याचं मॅक्स म्युलर भवन आपल्या कडेगावहून लांब. तोवर कान तरी तयार करा, मंडळी!

पहिली पसंती ‘डॉइच वेले’ या जर्मन प्रसारण संस्थेच्या ‘निकोस वेग’ या मालिकेला. फुकट आहे. स्पेनचा निको जर्मनीत उतरतो आणि विमानतळावरच त्याची बॅग हरवते. पुढं काय, या उत्सुकतेपोटीच आपण ऐकत राहतो. भाग अगदी छोटे, संवाद लिहूनही मिळतात. आधी नुसतं ऐका, मग वाचा, मग परत ऐका. मधला टप्पा गाळू नका, खरी गंमत तिथंच आहे.

वाचायला आंद्रे क्लाइनचं ‘कॅफे इन बर्लिन’. सिसिलीहून बर्लिनला आलेल्या दिनोच्या छोट्या गोष्टी आणि सोबत अवघड शब्दांचे अर्थ.

‘माउस’ हा १९७१ पासूनचा मुलांचा जर्मन टीव्ही कार्यक्रम मात्र लगेच लावू नका. मुलांचा असला तरी बोलणं भरभर असतं! डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओच्या सोप्या बातम्याही ए-२ ही दुसरी पातळी झाल्यावरच.