हँडलखालची दीड शंकू छिद्रं

नवीन पनवेलहून नेऱ्याकडे जाणारा रस्ता सुकापुरातून जातो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी तिथे थोडा वेळ थांबलं, तर डोंगराकडे निघालेल्या बाइकांची रांग बघायला मिळते. त्यातल्या काहींवर लाल, निळे, सोनेरी सुटे भाग चमकत असतात: लिव्हर, फूटपेग, बार-एंड, हँडल उंच करणारे रायझर. बघणारा म्हणतो, रंग छान दिलाय. पण हा रंग धातूवर बसलेला नसतो, भोकांत भरलेला असतो. त्या भोकांचा हिशोब मांडायला बसलं, की ‘कोटी’ पहिल्याच ओळीत तोकडा पडतो.

एक रायझर घेऊ. दुकानातला तयार नव्हे. ६०६१ ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून आपल्या मापाने व्हीएमसी मशीनवर काढून घेतलेला. वजन ३०० ग्रॅम, सगळ्या बाजू मिळून पृष्ठभाग २०० चौरस सेंटिमीटर. आधी तो कॉस्टिकमध्ये साफ करतात, मग १५ ते २० टक्के गंधकाम्लाच्या टाकीत लटकवतात आणि रेक्टिफायरचं धन टोक त्याला जोडतात. प्लेटिंगमध्ये बाहेरचा धातू येऊन भागावर चढतो. इथे बाहेरून धातू काहीच येत नाही. भागाचाच वरचा थर खर्ची पडतो आणि त्याचं ऑक्साइड होतं. हेच ॲनोडायझिंग.

दर १०० चौरस सेंटिमीटरला दीड अँपिअर हा नेहमीचा हिशोब. म्हणजे आपल्या रायझरला ३ अँपिअर, साधारण १५ व्होल्ट, अर्धा तास. इतक्यात १५ मायक्रॉनचा थर तयार होतो. भारतीय मानक आयएस १८६८ मध्ये ज्याला एसी १५ म्हणतात, तो हाच. उघड्या हवेत ॲल्युमिनियमवर आपोआप धरणारा थर असतो २ ते ४ नॅनोमीटरचा. टाकीतला थर त्याच्या सुमारे पाच हजार पट जाड, आणि तो वाढतो सेकंदाला ८ नॅनोमीटरने.

तीन अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धापाशी संपतात, म्हणजे एकावर १७ शून्यांपाशी. या रायझरमधून दर सेकंदाला सुमारे १८७ परार्ध इलेक्ट्रॉन जातात. अर्ध्या तासात ३ लाख ३७ हजार परार्ध. एवढ्या उलाढालीतून निष्पन्न काय, तर जेमतेम अर्धा ग्रॅम ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. अणू किती लहान असतो हे पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही, तेवढं या अर्ध्या ग्रॅमने कळतं.

यात मला सर्वांत अचंबा वाटतो तो १५ व्होल्टचा. बाइकच्या बॅटरीपेक्षा जेमतेम तीन व्होल्ट जास्त. पण या थरात बनणाऱ्या भोकांच्या तळाशी, धातूला चिकटून, ऑक्साइडचा एक अखंड पडदा असतो आणि त्याची जाडी एका व्होल्टला साधारण एक नॅनोमीटर या हिशोबाने ठरते. पंधरा व्होल्टला पंधरा नॅनोमीटर. सगळा दाब या पडद्यावर येतो, म्हणजे मिलिमीटरला दहा लाख व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मिलिमीटरला तीन हजार व्होल्ट पुरतात. त्याच्या तीनशेपट ताकदीचं विद्युतक्षेत्र त्या टाकीत निमूटपणे काम करत असतं. त्याच ओढीने ऑक्सिजन आत आणि ॲल्युमिनियम बाहेर सरकतं. त्यामुळे नवा थर नेहमी तळाला बनतो, आणि सर्वांत जुना भाग वर राहतो.

आता भोकं. १९५३ साली केलर, हंटर आणि रॉबिन्सन या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजली. १५ टक्के गंधकाम्ल, १० अंश तापमान, १५ व्होल्ट, आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ७७ अब्ज भोकं. जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये ८ अब्जांवर गेली. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत माणशी नऊ-दहा भोकं. व्होल्टेज दुप्पट करून ३० वर नेलं, तर संख्या २८ अब्जांच्या आसपास उतरते. भोकांची दाटी नॉब फिरवून ठरते.

आपल्या २०० चौरस सेंटिमीटरच्या रायझरवर ही संख्या होते १५,४०० अब्ज. लीलावतीच्या भाषेत दीड शंकू. टाकी दहाऐवजी वीस अंशांवर चालत असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल, शून्यं हलणार नाहीत.

एकेक भोक १२ नॅनोमीटर रुंद आणि १५ मायक्रॉन खोल. रुंदीच्या साडेबाराशे पट खोली. शेतात सहा इंची बोअर सव्वासहाशे फूट मारावी, तेच हे प्रमाण. आणि ही सगळी भोकं टोकाला टोक लावून ओळीने मांडली तर? २ लाख ३१ हजार किलोमीटर. आपल्या पळस्पे फाट्यावरून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ कन्याकुमारीला पोहोचतो तो सुमारे १,६०० किलोमीटरवर. म्हणजे त्या रस्त्याने ७२ वेळा जाऊन येणं, एका रायझरच्या कातडीत. मी हा गुणाकार कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिला. उत्तर तेच आलं.

भोकांच्या भिंतींचं क्षेत्रफळ काढलं तर ते साधारण ९४ चौरस फूट भरतं. बाहेरून पाव चौरस फूटही न भरणाऱ्या तुकड्यात एवढी भिंत लपलेली असते. नंतर डायच्या, म्हणजे रंगाच्या, टाकीत रंगाचा रेणू या भिंतीलाच चिकटतो. रेणू एक-दोन नॅनोमीटरचा, भोक बारा नॅनोमीटरचं, त्यामुळे आत जायला अडचण नसते. अडचण असते त्याला आत ठेवण्याची.

त्यासाठी सीलिंग. जवळजवळ उकळत्या, शुद्ध पाण्यात भाग बुडवून ठेवतात. ऑक्साइड पाणी शोषून फुगतं आणि भोकांची तोंडं बंद होतात. मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं, म्हणजे १५ मायक्रॉनला अर्धा ते पाऊण तास. थर बनवायला लागला तेवढाच वेळ, किंवा जास्तच. माझ्या मते बिघडतं ते इथे. गिऱ्हाईक निळा हवा की जांभळट निळा यावर तासभर घालवतं, पण सील किती मिनिटं केलं हे विचारत नाही. तोंड उघडं राहिलेल्या भोकातला रंग पुढच्या पावसात धुतला जातो आणि उरलेला उन्हात फिका पडतो.

कंपनीतून आलेल्या ओतीव भागाला हाच रंग द्या म्हणणाऱ्यांची मात्र निराशा होते. डायकास्टिंगच्या ॲल्युमिनियममध्ये दहा-बारा टक्के सिलिकॉन असतं, आणि ते काही ऑक्साइडच्या थराला सामील होत नाही. लाल मागितला तर मळकट करडा मिळतो. कारागिराचा त्यात दोष नाही.

विजेचं गणित उलट्या बाजूने थक्क करतं. तीन अँपिअर, पंधरा व्होल्ट, अर्धा तास: एका युनिटचा जेमतेम चव्वेचाळिसावा भाग. (टाकी गार ठेवणारा चिलर आणि सीलिंगचं पाणी तापवणं वेगळं, मे महिन्यात पनवेलमध्ये ते बिल खरं बोलतं.) पण तेच ३०० ग्रॅम ॲल्युमिनियम भट्टीत ऑक्साइडपासून वेगळं करायला चार युनिटच्या वर वीज गेलेली असते. धातू मिळवण्यासाठी जो ऑक्सिजन एवढा खर्च करून बाहेर काढला, तोच आपण थोडासा परत आत घालतो, आणि त्याचे वेगळे पैसे मोजतो.

शेवटी मापाचा प्रश्न उरतोच. १५ मायक्रॉनच्या थरातला साधारण एक तृतीयांश धातूच्या मूळ पातळीच्या वर येतो, म्हणजे ५ मायक्रॉन. चाकाच्या हबमध्ये ६२०४ बेअरिंगसाठी ४७ मिलिमीटरचं बोअर असेल, तर दोन्ही बाजूंनी मिळून ते १० मायक्रॉनने आवळतं. एच७ मापाला सगळी मिळून सूट २५ मायक्रॉनची, त्यातली १० इथेच गेली. आट्यांमध्ये वर आलेल्या थराच्या चौपट फरक पडतो, पण एम६ च्या आट्याला १५० मायक्रॉनची मुभा असते, त्यात २० खपून जातात. हार्ड ॲनोडायझिंग केलं तर मात्र थर ५० मायक्रॉनचा, त्यातला निम्मा वर, आणि बोअर पूर्ण ५० मायक्रॉनने लहान. बेअरिंग हातोडीनेही जाणार नाही, आणि हातोडी मारली तर थराला तडे जातील. म्हणून बेअरिंगची सीट मास्क करायची, नाहीतर ड्रॉइंगमध्येच बोअर तेवढं मोठं मागायचं. आणि हे लेथवाल्याला ठोकळा कापायच्या आधी सांगायचं.