नाशिक की नाशकि?

नवीन ऑपरेटिंग सिस्टीम आली की हॉस्टेलमध्ये चर्चेचे विषय ठरलेले असतात. रॅम किती खाते, गेम अडकतात का, जुन्या लॅपटॉपवर टाकली तर तो जीव सोडेल का! कंपन्याही जाहिरातीत तेच दाखवतात. नवा स्टार्ट मेनू, नवे आयकॉन, झटपट बूट. पण मित्रांनो, मराठी माणसाच्या दृष्टीने विंडोजमध्ये आलेलं सगळ्यात मोठं फीचर कुठल्याच पोस्टरवर झळकलं नाही. ते फीचर म्हणजे, विंडोजला 'नाशिक' हा शब्द नीट लिहिता येऊ लागला.

हसू नका. यात एवढं काय, असं वाटत असेल तर पुढे वाचा. आणि ज्यांना लवकरच आपलं मशीन फॉरमॅट करून त्यावर नवीन विंडोज टाकायची आहे, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडी थिअरी

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो, हे आपण फर्स्ट इयरलाच शिकलो. इंग्रजीत कॅपिटल ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. एक आकडा, एक अक्षर, एक आकार. आकडे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने अक्षरं डावीकडून उजवीकडे मांडत जायची, की झालं काम.

देवनागरीचा मामला असा सरळ नाही. युनिकोड नावाचं जे जागतिक स्टँडर्ड आहे (पहिली आवृत्ती १९९१), त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ आकडे दिले आहेत. क म्हणजे २३२५, ष म्हणजे २३५९, पाय मोडायचा हलंत म्हणजे २३८१. पण 'क्ष' ला स्वतःचा आकडाच नाही! क, हलंत, ष असे तीन आकडे ओळीने आले की त्यांचा मिळून एक 'क्ष' काढायचा, हे कॉम्प्युटरने स्वतः समजून घ्यायचं असतं. आपलं 'त्र्यंबकेश्वर' लिहायला असे १३ आकडे लागतात.

आता 'नाशिक' पाहा. आपण बोलताना आधी श म्हणतो, मग इ. म्हणून मेमरीत क्रम असतो: न, काना, श, पहिली वेलांटी, क. पण कागदावर ती वेलांटी श च्या आधी काढतात. म्हणजे साठवण्याचा क्रम वेगळा आणि दाखवण्याचा वेगळा. ज्या मशीनला हे माहीत नाही ते बिचारं आकडे आले तसे मांडतं, वेलांटी श च्या नंतर पडते आणि आपण वाचतो 'नाशकि'. रफाराचंही तसंच. 'मार्क' या शब्दात र आधी आणि क नंतर साठवलेला असतो, पण र जाऊन बसतो क च्या डोक्यावर.

थोडक्यात काय, तर मराठी दाखवायला तीन गोष्टी लागतात. एक म्हणजे आकड्यांचं सर्वमान्य कोष्टक. दुसरी म्हणजे जोडाक्षरांसकट सगळे आकार असलेला फॉन्ट. आणि तिसरी, या दोघांच्या मध्ये बसून अक्षरं मागेपुढे करणारं, जोडणारं सॉफ्टवेअर. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर जे काम हाताने करायचा, तेच काम. त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. विंडोजमधल्या शेपिंग इंजिनाचं नाव युनिस्क्राइब.

त्याआधी काय होतं?

२००० सालापूर्वी मराठीत काम होत नव्हतं असं मुळीच नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झाली आणि तिच्या जिस्ट कार्डमुळे डॉसच्या जमान्यातही पीसीवर भारतीय लिप्या दिसू लागल्या. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे आपलं स्वतःचं स्टँडर्डही १९९१ मध्ये आलं. पण विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात डीटीपीवाल्यांनी जो मार्ग पकडला तो जुगाडाचा होता. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे! एका जागी काना, एका जागी अर्धा न, एका जागी रफार. डोळ्यांना मराठी दिसते, पण विंडोजच्या मते तुम्ही इंग्रजीच लिहिताय, तेही अर्थहीन इंग्रजी.

छपाईपुरतं हे ठीक होतं. वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, पुस्तकं सगळी अशीच निघाली. पण प्रत्येक कंपनीने आपले तुकडे वेगळ्या जागी बसवले होते. फॉन्ट बदलला की मजकुराचा चिवडा. नाशिकचा चिवडा प्रसिद्ध आहे हे खरं, पण हा चिवडा कुणालाच गोड लागणारा नव्हता. शिवाय अशा फाइलमध्ये मराठी शब्द सर्च होत नाही, अकारविल्हे यादी लागत नाही, आणि अंध वाचकांसाठीचं स्क्रीन रीडर तर ते इंग्रजी समजून काहीतरी भलतंच बडबडतं.

१७ फेब्रुवारी २०००

या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बिल गेट्सने विंडोज २००० लाँच केली. ही ऑफिसांसाठीची, एनटी घराण्यातली सिस्टीम. भाषणात भर होता तो ती बंद न पडता किती चालते यावर. पण तिच्या पोटात देवनागरी आणि तमिळ या दोन भारतीय लिप्यांची सोय होती. कोष्टक युनिकोडचं, जुळवणी युनिस्क्राइबची आणि फॉन्ट 'मंगल'. मराठी ही एक वेगळी भाषा म्हणून यादीत होती आणि मराठीचा कीबोर्डही होता.

योगायोग बघा. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती होती. तात्यासाहेब आदल्या वर्षी १० मार्च १९९९ रोजी इथेच नाशिकमध्ये गेले. त्यांच्या पश्चात ही पहिलीच जयंती. आज तोच दिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो.

आणि हा 'मंगल' फॉन्ट कुणी केला, माहीत आहे? रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला. सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवणारे प्राध्यापक आणि नंतर मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम करणारे. २००८ मध्ये ते गेले. मंगल दिसायला काही फार देखणा नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. पण त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या मॉनिटरवर बारीक अक्षरातसुद्धा 'ट्ठ' आणि 'द्ध' वाचता येणं हेच मोठं आव्हान होतं. लाखो लोकांनी स्क्रीनवरची पहिली युनिकोड मराठी याच फॉन्टमध्ये वाचली.

एक्सपी : असून नसल्यासारखं

२५ ऑक्टोबर २००१ रोजी एक्सपी आली आणि घराघरांत, सायबर कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये पोचली. गुजराती, गुरुमुखी, कन्नड, तेलुगू याही लिप्या तिच्यात आल्या. मग अडलं कुठे? तर ही सोय आपोआप चालू होत नव्हती! कंट्रोल पॅनेलमध्ये जा, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडा, किचकट लिप्यांच्या फाइल्सची टिकमार्क करा, मग मशीन विंडोजची सीडी मागणार, ती शोधा, आणि शेवटी रीस्टार्ट. सगळं मिळून जागा लागायची जेमतेम १० एमबी. पण हे माहीत किती जणांना? आणि सायबर कॅफेत सीडी देणार कोण? त्यामुळे कितीतरी मशीनवर मराठीच्या जागी चौकोन तरी दिसायचे, नाहीतर 'नाशकि'. लोकांचा समज झाला की युनिकोड मराठी म्हणजे गडबड. खरं तर गडबड फक्त एका टिकमार्कची होती.

पुढे एक्सपीसाठी मराठी लँग्वेज इंटरफेस पॅकही निघाला. म्हणजे मेनूसुद्धा मराठीत. मात्र मेनू मराठीत असणं ही हौस झाली, मजकूर नीट दिसणं ही गरज आहे.

मेसचे आचारी आणि आपले आचार्य

इथे एक मुद्दा महत्त्वाचा. देवनागरी आली म्हणजे मराठी आली, असं नाही. हिंदीत जे लागत नाही ते मराठीत लागतं. मेसच्या बोर्डावर लिहायचं आहे की 'आचाऱ्यांना भेटा'. इथे अर्धा र हवा तो पापणीसारखा, य च्या आधी. त्याऐवजी रफार दिला तर होतं 'आचार्यांना भेटा', आणि सगळी मुलं जेवणाची तक्रार घेऊन प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनबाहेर! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हाही फरक तोच. युनिकोडमध्ये यासाठी साधा र न घेता खाली ठिपका असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ज्या बटणावर र आहे तेच बटण शिफ्टसोबत दाबलं की तो मिळतो.

दुसरं उदाहरण 'ॲ' चं. ॲसिड, ॲडमिशन, ॲटेंडन्स, आपलं पानही हलत नाही याच्याशिवाय. पण अ वर चंद्र असलेल्या या मराठी अक्षराला स्वतंत्र आकडा (२४१८) मिळाला तो युनिकोड ५.१ मध्ये, एप्रिल २००८ ला. तोपर्यंत लोक ए वर चंद्र असलेला हिंदी वळणाचा 'ऍ' वापरून वेळ मारून नेत होते.

व्हिस्टा ते अकरा

३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा बाजारात आली. तिच्या काचेसारख्या खिडक्यांचं कौतुक झालं, आणि ती किती जड आहे यावरून शिव्याही खूप बसल्या. पण तिने एक काम चोख केलं. भारतीय लिप्यांची सोय पहिल्यापासून चालू. टिकमार्क नाही, सीडी नाही. त्याच वर्षी सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय भाषांची लिनक्स आणली. लिनक्सवर रेड हॅटने खुले केलेले लोहित फॉन्ट होतेच. आज अँड्रॉइड फोनवर आपण मराठी वाचतो तेव्हा जुळवणीचं काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करत असतं.

त्यानंतर विंडोज ७ (२००९) मध्ये कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट आले. विंडोज ८ (२०१२) पासून मंगलची जागा निर्मला यूआयने घेतली. आणि विंडोज १० च्या मे २०१९ अपडेटमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आला. इंग्रजी स्पेलिंग टाइप करा, मराठी शब्द उमटेल. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांची यामुळे फारच सोय झाली. तरी सांगते, इन्स्क्रिप्ट एकदा शिकून घ्या. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, इतकं तर्कशुद्ध आहे ते. शिवाय एकदा बोटांत बसलं की गुजराती, कन्नडसुद्धा त्याच जागांवर.

फॉरमॅट मारण्याआधी

आता मुद्द्याची गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ (५ ऑक्टोबर २०२१ पासून) टीपीएम २.० शिवाय रीतसर बसत नाही आणि ती फक्त ६४ बिटमध्येच मिळते. ६४ बिट विंडोजवर जुने १६ बिट प्रोग्राम अजिबात चालत नाहीत. जुन्या मराठी पॅकेजपैकी काहींना तर मशीनला जोडायचं हार्डवेअर लॉक लागायचं. म्हणजे मशीन बदललं, फॉन्ट गेले, लॉक हरवलं, की त्या फाइल्स आहेत पण वाचता येत नाहीत, अशी अवस्था.

आणि या फाइल्स कुणाच्या असतात? आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी, गावच्या संस्थेचे अहवाल, आईचे लेख, कॉलेजच्या जुन्या अंकांची मराठी पानं. हे पुन्हा कुणी टाइप करणार नाही. म्हणून फॉरमॅट करण्याआधी एवढं कराच:

१. फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच राहिला तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला तर जुना फॉन्ट.

२. जुना फॉन्ट असेल तर त्याचं नाव लिहून ठेवा आणि फॉन्टची फाइलही सोबत कॉपी करा. प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं, त्यामुळे कन्व्हर्टरही त्या त्या फॉन्टचाच लागतो.

३. कन्व्हर्ट केल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' या जागी चुका हमखास राहतात.

४. फक्त पीडीएफ करून निश्चिंत होऊ नका. पीडीएफ दिसतं छान, पण त्यातून मजकूर कॉपी करायला गेलात तर बऱ्याचदा पुन्हा 'नाशकि'च हाती येतं.

५. नवीन मशीनवर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली मराठी भाषा जोडा. देवनागरीचे जास्तीचे फॉन्ट (मंगलसुद्धा आता त्यातच असतो) आणि कीबोर्ड दोन्ही येतील. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठीत.

स्टाफपैकी ज्या सर-मॅडमकडे जुन्या मराठी नोट्स, सर्क्युलर्स किंवा गॅदरिंगची नाटकं सीडीवर पडून असतील, त्यांनी आम्हा मुलांना जरूर हाक मारावी. रविवारची एक दुपार आणि चहा एवढ्यात बरंच काम होतं. आणि मित्रांनो, पुढच्या अंकासाठी मराठी लेख देणार असाल तर युनिकोडमध्येच द्या. 'त्र्यंबकेश्वर'चे १३ आकडे जोडायचं काम आता मशीन करतं. लिहायचं काम मात्र आपल्यालाच करायचं आहे.