माहेरचा बीपी, सासरचं मीठ

गटाच्या बैठकीत बीपीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "आईला होता, मावशीला होता, मग मला होणारच, त्याला काय करायचं?" आणि दुसरं, "आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मी कशाला मोजून घेऊ?" बोलणं उलटसुलट असलं तरी परिणाम एकच होतो. बाई बीपी मोजायला जात नाही. म्हणून आज हे घराण्याचं प्रकरण जरा उलगडून बघू.

बीपी, म्हणजे वाढलेला रक्तदाब, घराण्यात चालतो हे खरं आहे. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, दोघांनाही असेल तर आणखी वाढते. पण तो सिकलसेलसारखा चालत नाही. सिकलसेलमध्ये एकाच जनुकात बिघाड असतो. तो आई आणि वडील दोघांकडून आला की आजार होतो. बीपीचं तसं नाही. आजवर शास्त्रज्ञांना आपल्या जनुकांच्या साखळीत बीपीशी संबंध असलेल्या हजाराहून जास्त जागा सापडल्या आहेत, आणि त्यातली एकेक जागा बीपी जेमतेम एक अंक, बहुतेकदा त्याहूनही कमी, वरखाली करते. आपल्या बचत गटासारखंच समजा. एकीच्या वर्गणीनं काही होत नाही, सगळ्याजणींची मिळून रक्कम उभी राहते. कुणाच्या वाट्याला अशी चिल्लर जास्त येते, कुणाच्या कमी. लोकालोकांच्या बीपीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा फरक या जनुकांमुळे असतो. उरलेला बाहेरचा.

ही जनुकं करतात काय? बरीचशी दोन कामांत लुडबुड करतात: मूत्रपिंडानं मीठ किती धरून ठेवायचं, आणि रक्तवाहिन्या किती आवळायच्या. म्हणूनच एकाच पंगतीत बसून एकच खर्डा खाल्ला तरी एकीचा बीपी वाढतो, दुसरीचा तितका वाढत नाही.

आता थोडं जपानकडे वळू, कारण या बाबतीत त्या देशाची गोष्ट फार शिकवून जाते. मीठ आणि रक्तवाहिन्यांच्या कामाशी जोडलेला एका जनुकातला बदल जपानी लोकांत युरोपातल्या लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्यात उत्तर जपानातल्या अकिता भागात 1950 च्या दशकात माणूस दिवसाला सुमारे 27 ग्रॅम मीठ खात होता. खारवलेले मासे, खारवलेल्या भाज्या आणि सोयाबीनचं खारट सूप, असं जेवण. 1951 पासून 1980 पर्यंत जपानात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं मेंदूचा झटका, ज्याला आपण लकवा मारला म्हणतो. पुढे तिथे मीठ कमी करायची मोहीम झाली, गावोगाव बीपी मोजले गेले, औषधं मिळाली. नागानो नावाच्या डोंगराळ भागात तर गावातल्या बायकाच घरोघर जाऊन सूप किती खारट आहे ते मोजत होत्या. लकव्यानं जाणारी माणसं झपाट्यानं कमी झाली. तेवढ्या वर्षांत लोकांची जनुकं काही बदलली नव्हती.

आणखी एक पाहणी 1965 च्या सुमारास सुरू झाली. जपानात राहणारे, हवाई बेटांवर गेलेले आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेलेले जपानी पुरुष यांची तुलना केली. हवाईत गेलेल्यांना लकवा कमी झाला, पण अमेरिकेत गेलेल्यांना हृदयविकार जास्त झाला. रक्त तेच, चूल बदलली, तर दुखणंही बदललं. आपल्याला हे नवीन नाही. आपण सगळ्याजणी माहेरचं रक्त घेऊन सासरच्या चुलीवर आलेल्याच आहोत!

घराण्यातून आणखी एक गोष्ट येते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली होती. ते काम 1999 साली प्रसिद्ध झालं. आठव्या वर्षी सारख्या वजनाच्या मुलांची तुलना केली, तर जन्मताना जी हलकी होती त्यांचा वरचा बीपी जास्त निघाला. जन्मताना बारीक आणि नंतर अंगानं भरलेली, अशा मुलांत पुढच्या आजारांची लक्षणं सगळ्यात जास्त होती. म्हणजे "जन्मतःच आलंय" असं आपण म्हणतो त्यातलं काही जनुकातलं नसतंच, गरोदरपणातल्या ताटातलं असतं. कवठे महांकाळसारख्या दुष्काळी तालुक्यात किती आज्यांनी पोटुशी असताना अर्धपोटी राहून रोजगार हमीवर खडी फोडली, त्याचा हिशोब कुठल्या जनुकाच्या तपासणीत निघणार? सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवायची रीत गरोदर सुनेसाठी तरी मोडायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गरोदरपणाचं निघालंच आहे तर हेही ऐका. आईला किंवा बहिणीला बाळंतपणात बीपी वाढून झटके आले असतील, तर पहिल्याच नाव नोंदणीला नर्सताईंना सांगा. मागच्या खेपेला स्वतःला झालं असेल तर नक्कीच सांगा. अशा बाईला पुढे वयात बीपीचा धोका जास्त राहतो, म्हणून मूल मोठं झालं तरी दरवर्षी मोजत राहायचं. आणि बीपीची गोळी चालू असताना दिवस राहिले किंवा तसा विचार असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत, त्या बदलून घ्याव्या लागतात. मात्र आपल्या मनानं गोळी बंद करून घरी बसायचं नाही.

आता मिठाचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. आपल्या देशात सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास खाल्लं जातं. घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाचे 20 ग्रॅम झाले, म्हणजे एक किलोचा पुडा 50 दिवस पुरला पाहिजे. पुडा फोडला की कॅलेंडरवर खूण करा, आणि संपला की दिवस मोजा. जनावरांना घातलेलं आणि लोणच्या-पापडांना लागलेलं मीठ वेगळं धरा. पण ते लोणचं-पापड खाल्लं, बाजारातलं फरसाण आणि सुकं बोंबील खाल्लं, की त्यातलं मीठ पुन्हा पोटातच जाणार, हे विसरू नका. सैंधव मीठसुद्धा मीठच असतं, त्यानं बीपीला सूट मिळत नाही. मीठ एकदम तोडलं तर घरात भांडणं होतील. आठवड्या-आठवड्यानं चिमूट-चिमूट कमी करा, जिभेला कळत नाही. खर्ड्यात लिंबू पिळलं की कमी मीठही चालून जातं.

मोजण्याबद्दल. वाढलेला बीपी दुखत नाही, डोकंही दुखेलच असं नाही. वरचा 140 किंवा खालचा 90 आणि त्याहून जास्त, असं वेगवेगळ्या दिवशी भरलं तर तो बीपी. देशाच्या 2019 ते 21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर पाच बायकांत साधारण एकीला तो निघाला. तिशी झाली की उपकेंद्रात दरवर्षी मोजून घ्या. आईवडिलांना किंवा भावंडांना असेल तर तिशीची वाट बघू नका. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको. पाच मिनिटं टेकून शांत बसा, ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून दंड आवळू देऊ नका, आणि पट्टा फुगत असताना गप्पा मारू नका. तिशीच्या आतच बीपी खूप वाढलेला निघाला तर "घराण्याचा आहे" म्हणून सोडून देऊ नका. मूत्रपिंड किंवा शरीरातल्या ग्रंथीत काही बिघाड आहे का, हे डॉक्टरांना बघू द्या.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, तसंच सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्ध्यात, भारताच्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमाचं काम महाराष्ट्रात सगळ्यात आधी सुरू झालं. त्यातली युक्ती साधी होती: ठरलेली थोडीच औषधं, घराजवळच्या सरकारी दवाखान्यात महिनाभराच्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला निरोप. गोळ्यांनी अंक खाली आला की "बरं वाटतंय" म्हणून बायका गोळी सोडतात. अंक खाली आहे तो गोळीमुळेच. बेदाण्याच्या शेडवर महिनाभर मुक्कामी जाणार असाल किंवा वारीला निघणार असाल, तर आधीच दवाखान्यात सांगून पुरेशा गोळ्या मागून घ्या, आणि कार्डही पिशवीत ठेवा.