ब्रेकच्या केबलची गिटार

गिटारवाला रॉक संपला असं कुणी म्हणालं, की मी त्याला ‘एम्दू मोक्तार’ ऐकवतो. नायजर देशातला तुआरेग बँड. मुख्य गिटारवादकाचं नावही तेच. (नायजर हं, नायजेरिया नव्हे!) घरच्यांना गिटार पसंत नव्हती, म्हणून पठ्ठ्यानं स्वतःच बनवली. तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या केबल! वाजवतो डावखुरा, तेही पिक न घेता.

२००८ साली त्यानं सोकोतोत अल्बम रेकॉर्ड केला (हे मात्र नायजेरियात). तो पसरला मोबाईलवरून. मेमरी कार्ड, ब्लूटूथ, या फोनमधून त्या फोनमध्ये, असा वाळवंटभर. स्ट्रीमिंगच्या आधी आपल्याकडेही गाणी अशीच फिरायची, घरातल्या ताई-दादांना विचारा.

२०२४ चा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ लावा. भाषा तमाशेक, संताप फ्रेंच वसाहतवादावर, आणि गिटार अक्षरशः किंचाळते. त्याआधी, जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता बळकावली, तेव्हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. घरी जाता येईना. शेवटी चाहत्यांकडे ऑनलाइन मदत मागावी लागली.

पुढे हीच गाणी त्यांनी अकूस्टिक गिटारवर पुन्हा रेकॉर्ड केली: ‘टिअर्स ऑफ इन्जस्टिस’, २०२५. आधी इलेक्ट्रिकवाला ऐका, मग हा. आणि हेडफोन लावूनच, प्लीज.