घाणा जमला की दगड उजळतो

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्थानके घेत सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचतो. शहापूर तालुक्याचा हा सारा प्रदेश काळ्या कातळाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्यातून दख्खनचा हा बेसाल्ट घडला. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्यांत गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी, झिओलाइट अशी खनिजे साकारली. दख्खनच्या ओढ्यानाल्यांत सापडणारे रंगीत खडे त्यांतलेच. वरून खडबडीत आणि निस्तेज दिसणारा असा खडा घासून चकचकीत केला की त्याच्या पोटातले पट्टे आणि छटा खुलतात. या कामासाठी छंदिष्टांच्या घरी हल्ली एक यंत्र दिसू लागले आहे. त्याचे नाव व्हायब्रेटरी टंबलर.

कल्पना नवी नाही. गुजरातेतील खंबायत येथे अकीकाचे मणी घडविण्याची परंपरा फार जुनी आहे. तेथील कारागीर मणी आणि कुरुंदाची पूड चामड्याच्या पिशवीत भरून ती पिशवी कित्येक दिवस मागेपुढे लोळवीत असत. मणी एकमेकांवर आणि पुडीवर घासून गुळगुळीत होत. फिरत्या पिंपाचे यंत्र हेच काम करते. कंपनाचे यंत्र मात्र थोडे निराळे आहे. त्यात स्प्रिंगांवर बसविलेले एक भांडे असते आणि खाली मोटार. मोटारीच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला झुकलेले वजन बसविलेले असते. मोटार फिरली की या वजनामुळे सगळे भांडे थरथरते आणि आतला माल सावकाश फिरू लागतो. धातूच्या सुट्या भागांच्या कडांवरील कंगोरे काढण्यासाठी कारखान्यांतही हेच तत्त्व वापरतात.

फिरत्या पिंपात दगड वरून खाली घसरत राहतात. त्यामुळे ते गोल होतात, पण एकेका टप्प्याला आठवडा लागतो आणि सगळ्या कामाला महिना. कंपनाच्या यंत्रात दगडाचा मूळ आकार बराचसा टिकतो आणि एकेक टप्पा दोन-तीन दिवसांत उरकतो. म्हणून अनेकजण ओबडधोबड दगडाला ८० क्रमांकाच्या भरड पुडीने पिंपात आकार देतात आणि २२०, ५०० क्रमांकांच्या बारीक पुडी व अखेरची झिलई यांसाठी कंपनाचे यंत्र वापरतात. क्रमांक जितका मोठा, तितकी पूड बारीक.

किती भरावे?

यश-अपयश ठरते ते बहुतांशी एकाच गोष्टीवर : एका घाण्यात किती आणि कसा माल भरला आहे, यावर. पिंप अर्धे ते दोन-तृतीयांश भरावे लागते. ती सवय इथे घातक ठरते. कंपनाचे भांडे जवळजवळ काठोकाठ, म्हणजे ८० ते ९० टक्के भरलेले असावे लागते. माल कमी पडला तर दगडांना एकमेकांचा आधार राहत नाही. ते उड्या मारतात, आपटतात, त्यांचे टवके उडतात. अकीकासारख्या कठीण दगडावर चंद्रकोरीच्या आकाराच्या पांढुरक्या खुणा दिसू लागल्या तर आपटणे सुरू आहे, असे समजावे. या खुणा आत मुरलेल्या सूक्ष्म तडा असतात. पुढचे कितीही बारीक घासणे त्या पुसू शकत नाही. दगड पुन्हा भरड पुडीकडे न्यावा लागतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

उलट माल फार झाला तर भांडे जड होते. मोटारीची ताकद तेवढीच असल्याने कंपनाचा आवाका घटतो आणि दगड जागच्या जागी नुसते कापत राहतात. घर्षण होत नाही आणि मोटार मात्र तापते.

येथे एक सूक्ष्म अडचण आहे. छोट्या यंत्रांवर १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, अशी क्षमता लिहिलेली असते. परंतु ती बहुधा अमेरिकेतील विजेच्या हिशेबाने ठरलेली. तेथे विजेची वारंवारता ६० हर्ट्‌झ असते, भारतात ५०. साधी मोटार याच प्रमाणात हळू फिरते आणि झुकलेल्या वजनाचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग सहाचा पाच झाला की जोर ३६ चा २५ होतो, म्हणजे सुमारे ३० टक्के घटतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जुळवून देतो, वारंवारता नव्हे. म्हणूनच पुस्तकातील आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणे इष्ट.

डोळ्यांची परीक्षा

योग्य भरलेल्या भांड्यात माल एका बाजूने वर येतो, दुसऱ्या बाजूने खाली जातो आणि वळणे घेत भांड्याभोवती सावकाश पुढे सरकतो. एखादा ओळखता येईल असा रंगीत खडा वर ठेवून पाहावे. तो बुडाला आणि काही वेळाने दुसरीकडे वर आला तर घाणा जमला. वरचे खडे नाचत असतील तर माल वाढवावा. खडा तेथेच रुतून बसला तर थोडा माल काढावा किंवा पाणी तपासावे.

नुसते वजन जुळून भागत नाही, आकारांचे मिश्रणही हवे. सगळे मोठे दगड भरले तर त्यांच्यात पोकळ जागा राहते आणि ते फक्त टोकांवर घासले जातात. साडेचार किलोंच्या घाण्यात साधारण एक किलो मोठे, दोन किलो लहान-मध्यम आणि उरलेले दीड किलो चिनी मातीच्या छोट्या गोट्या, हे प्रमाण सुरुवातीला सोयीचे. या गोट्या पूड दगडांच्या खाचांत पोहोचवतात आणि गादीचे कामही करतात. मात्र भरड पुडीत वापरलेल्या गोट्या झिलईच्या टप्प्यात वापरू नयेत. एखाद दुसरा भरड कणही चकाकीवर ओरखडे काढतो.

कठीणपणाही पाहायला हवा. मोजपट्टीवर अकीक आणि गारगोटी ७ वर, तर कॅल्साइट ३ वर. दोन्ही एकत्र घातले तर अकीकावर चमक येण्याआधी कॅल्साइट झिजून जाईल. सुंदर दिसणारे झिओलाइटही मऊच. त्यांना या यंत्रात टाकूच नये. काळा बेसाल्ट मऊ-कठीण खनिजांचे मिश्रण असल्याने सहसा एकसारखा चमकत नाही.

पाणी चमच्यानेच मोजावे. दगड ओले दिसावेत, पण तळाशी डबके साचता कामा नये. पाणी फार झाले तर पूड धुऊन तळाशी बसते. कमी झाले तर चिखल घट्ट होऊन माल थांबतो. साडेचार किलोंना पूड दोन-तीन मोठे चमचे पुरते. दर काही तासांनी झाकण उघडून गरज पडल्यास पाण्याचा हलका फवारा मारावा.

चकाकीपलीकडे

प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि भांडे स्वच्छ धुवावे लागते. तो गाळ मोरीत ओतू नये. तो सिमेंटसारखा बसतो आणि नळी तुंबते. बादलीत निवू द्यावा आणि ओला असतानाच गोळा करून कचऱ्यात टाकावा. वाळू देऊन झाडू तर मुळीच नये. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. खंबायतच्या घिसाई कामगारांत आढळणारा सिलिकोसिस हा आजार याच धुळीचा. ओले काम हीच त्यावरची पहिली खबरदारी होय.

आणखी एक पथ्य दगड गोळा करतानाचे. आटगावच्या पलीकडे तानसा अभयारण्य आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत दगड आणि खनिजेही येतात आणि अभयारण्यातून वनोपज परवानगीशिवाय नेण्यास वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो. तेथील खडा कितीही मोहक असला तरी तो पाहून तेथेच ठेवावा. घासण्यासाठी शेताच्या बांधावरचे, मालकाला विचारून घेतलेले किंवा बाजारात विकत मिळणारे दगड पुरेसे आहेत.

कोट्यवधी वर्षे कातळाच्या पोटात जपला गेलेला अकीक चुकीच्या घाण्यात एका रात्रीत टवके उडून बिघडू शकतो. म्हणून नव्या यंत्रात पहिला घाणा आवडत्या दगडांचा घालू नये. साध्या खड्यांवर माल कसा फिरतो ते आधी पाहावे, वजन आणि पाणी यांची नोंद वहीत करावी. ती नोंद पुढे कुठल्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण ती त्याच यंत्राची आणि घरातल्या विजेची असते.