क्लॅव्हिकॉर्ड आणि बरोक संगीताचे वादन : रचना, तंत्र आणि मर्यादा

प्रस्तावना

युरोपीय संगीताच्या इतिहासात स्थूलमानाने इ. स. १६०० ते १७५० हा कालखंड 'बरोक' या नावाने ओळखला जातो. या काळातील पट्टीवाद्यांचा विचार करताना ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड ही दोन वाद्ये प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. तथापि चर्च आणि दरबार यांच्याबाहेर, घरातील एखाद्या मेजावर ठेवून वाजविता येईल असे एक तिसरे वाद्य त्या काळी जर्मन प्रदेशात सर्वत्र होते. ते म्हणजे क्लॅव्हिकॉर्ड. त्याचा आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीतही तो धड पोहोचत नाही. असे असूनही पट्टीवादकाची खरी परीक्षा याच वाद्यावर होते, असे मत अठराव्या शतकातील अधिकारी संगीतकारांनी नोंदविले आहे. प्रस्तुत लेखात या वाद्याची रचना, त्यावरील वादनाचे तंत्र आणि बरोक संगीताच्या आकलनात त्याचे स्थान यांचे विवेचन केले आहे.

रचना आणि ध्वनिनिर्मिती

क्लॅव्हिकॉर्डचा उल्लेख १४०४ सालच्या एका जर्मन काव्यात आढळतो. साल कोरलेले सर्वांत जुने उपलब्ध वाद्य १५४३ सालचे असून ते दोमेनिको दा पेझारो या इटालियन कारागिराने बनविलेले आहे. ते आज लाइपझिग विद्यापीठाच्या वाद्यसंग्रहालयात आहे.

या वाद्याची यंत्रणा सर्व पट्टीवाद्यांत अत्यंत साधी आहे. लांबट, चौकोनी पेटीत तारा आडव्या ताणलेल्या असतात. प्रत्येक पट्टी हा एक तरफदांडा असून त्याच्या मागील टोकावर पितळेची एक लहान उभी पाती बसविलेली असते. बोटाने पट्टी दाबली की ही पाती वर उचलली जाऊन तारांच्या जोडीवर आघात करते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तारेला टेकूनच राहते. पातीमुळे तारेचे दोन भाग होतात. उजवीकडील, घोडीपर्यंतचा भाग कंप पावतो. डावीकडील भागात लोकरी कापडाची फीत गुंफलेली असल्याने तो मूक राहतो. बोट उचलताच पाती खाली येते, संपूर्ण तार त्या फितीच्या ताब्यात जाते आणि स्वर थांबतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, पियानोतील हातोडी तारेवर आघात करून तत्काळ मागे हटते, हार्पसिकॉर्डमधील पिसाचे टोक तार छेडून बाजूला होते; क्लॅव्हिकॉर्डची पाती मात्र स्वर चालू असेतोवर तारेला सोडत नाही. म्हणजेच वादकाचे बोट आणि कंप पावणारी तार यांच्यात केवळ एक दांडा असतो. दुसरी गोष्ट आवाजाच्या लहानपणाची. तारेच्या कंप पावणाऱ्या भागाचे टोक म्हणजेच आघाताचा बिंदू. तारेच्या टोकाशी आघात केल्यास तिला अल्पच ऊर्जा मिळते. आवाजाचे लहानपण हा कारागिरीतील दोष नसून यंत्रणेचाच परिणाम आहे. बोटाचा तारेशी अखंड संबंध हवा असेल, तर मोठ्या आवाजावर पाणी सोडावे लागते.

सामायिक तारा आणि स्वतंत्र तारा

एकाच तारेवर निरनिराळ्या ठिकाणी पाती टेकविल्यास निरनिराळे स्वर मिळतात. या तत्त्वाचा लाभ घेऊन जुन्या कारागिरांनी दोन किंवा अधिक पट्ट्यांना तारांची एकच जोडी दिली. सतराव्या-अठराव्या शतकांतील एका प्रचलित मांडणीत सी व सी शार्प, ई फ्लॅट व ई, एफ व एफ शार्प, जी व जी शार्प, बी फ्लॅट व बी अशा जोड्या सामायिक असत. डी आणि ए यांना स्वतंत्र तारा मिळत. त्यामुळे तारा कमी लागत, वाद्य हलके व स्वस्त होई आणि स्वर मिळविण्याचे कामही कमी पडे. पुढे अठराव्या शतकात प्रत्येक पट्टीला स्वतंत्र तारा असलेली मोठी वाद्ये प्रचारात आली. हॅम्बुर्गच्या हास घराण्यातील कारागिरांची वाद्ये या प्रकारात प्रसिद्ध आहेत.

सामायिक तारांच्या वाद्यावर जोडीतील दोन स्वर एकाच वेळी वाजत नाहीत. घोडीच्या जवळची पाती ज्याची असेल तो वरचा स्वरच ऐकू येतो. वरच्या स्वरावरून लगतच्या खालच्या स्वरावर येताना वरची पट्टी वेळेवर सोडली नाही, तर खालचा स्वर उमटतच नाही. अनेक लहान वाद्यांत खालचे सप्तकही 'आखूड' असे. त्यात ई ची पट्टी सी वाजवी, एफ शार्पची पट्टी डी आणि जी शार्पची पट्टी ई. अशा ४५ पट्ट्यांच्या वाद्यावर खर्जातील सी शार्प, ई फ्लॅट, एफ शार्प व जी शार्प हे स्वर मिळत नाहीत. त्यामुळे कोणती रचना कोणत्या वाद्यावर वाजविता येईल, हा प्रश्न वादकाला आधी सोडवावा लागतो.

वादनतंत्र

क्लॅव्हिकॉर्डवर बोटाचा दाब वाढला की तारेचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. जोर लावून आवाज मोठा करू पाहणारा नवशिका वादक त्यामुळे बेसूर होतो. उलट दाब फार कमी पडला, तर पाती तारेला नीट टेकत नाही आणि स्वराऐवजी खरखर ऐकू येते. आवाजाचे लहानमोठेपण आघाताच्या वेगाने साधायचे आणि आघातानंतरचा दाब मात्र समान ठेवायचा, हे या वाद्याचे मूळ सूत्र होय.

हाच दोष नियंत्रणात आणला की गुण ठरतो. धरलेल्या स्वरावर बोटाचा दाब हलकेच कमी-अधिक केल्यास स्वराला कंप देता येतो. यास जर्मन भाषेत 'बेबुंग' म्हणतात. भारतीय वाचकास येथे आंदोलनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सतारीवर तार खेचून मींड काढताना ताण वाढवूनच स्वर चढविला जातो. भौतिक तत्त्व तेच आहे. अर्थात क्लॅव्हिकॉर्डवरील चढ अत्यल्प असतो, त्यातून दूरच्या स्वरापर्यंतची मींड साधत नाही. तरीही पट्टीवाद्य म्हणजे ठरीव, निर्जीव स्वर, या समजाला हे वाद्य अपवाद ठरते. आपल्याकडे हार्मोनियमवर मींड व आंदोलन निघत नाही हा आक्षेप इतका प्रबळ होता की, १९४० साली आकाशवाणीने त्या वाद्यावर बंदी घातली आणि ती पुढे सुमारे तीन दशके टिकली. हा संदर्भ लक्षात घेता क्लॅव्हिकॉर्डचे वेगळेपण विशेष जाणवते.

बोटांच्या क्रमाचा विचारही येथे महत्त्वाचा आहे. योहान सेबास्टियन बाख याने आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी १७२० साली एक वही आरंभिली. तीतील 'आप्लिकात्सिओ' या लहान रचनेत उजव्या हाताच्या चढत्या स्वरांसाठी तिसरे व चौथे बोट आलटून पालटून वापरण्याची सूचना आहे. पियानोच्या शिक्षणात वाढलेल्यांना हा क्रम अवघडलेला वाटतो. परंतु त्यामुळे स्वरांचे दोन-दोनांचे सुटे गट आपोआप पडतात आणि बरोक संगीतास आवश्यक असलेले उच्चारण साधते. सामायिक तारांच्या वाद्यावर तर पट्टी वेळेवर सोडण्याची ही सवय अनिवार्यच ठरते.

'क्लावियर' शब्दाचा प्रश्न

बाखने १७२२ साली 'वेल-टेम्पर्ड क्लावियर'चा पहिला भाग सिद्ध केला. 'क्लावियर' हा शब्द त्या काळी कोणत्याही पट्टीवाद्यास लावला जाई. त्यामुळे या रचना नेमक्या कोणत्या वाद्यासाठी आहेत, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात फोर्केलने क्लॅव्हिकॉर्ड हे बाखचे सर्वांत आवडते वाद्य असल्याचे म्हटले आहे. फोर्केल बाखच्या मुलांशी परिचित होता, म्हणून त्याच्या साक्षीस वजन आहे. परंतु त्याच्यावर पुढील पिढीच्या अभिरुचीचा प्रभाव असण्याचीही शक्यता आहे. बाखच्या निधनानंतर १७५० साली झालेल्या मालमत्तेच्या यादीत क्लॅव्हिकॉर्डची स्पष्ट नोंद नाही. मात्र धाकटा मुलगा योहान क्रिस्टियन याला पेडलसह तीन 'क्लावियर' पूर्वीच दिल्याचा उल्लेख मिळतो. ऑर्गनवादक घरी सरावासाठी पायपट्ट्या जोडलेली क्लॅव्हिकॉर्डे वापरीत. चर्चमधील ऑर्गनसाठी भाता ओढणारा मनुष्य लागे आणि हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी असे, हे त्याचे व्यावहारिक कारण होय. ही नोंद त्या प्रथेशी जुळते. त्याहून अधिक निश्चित अनुमान तीवरून काढता येत नाही.

१७२३ सालच्या 'इन्व्हेन्शन्स'च्या मुखपृष्ठावर मात्र बाखने गायनसदृश वादनशैली आत्मसात करणे हा एक हेतू सांगितला आहे. ज्या पट्टीवाद्यावर प्रत्येक स्वराचे वजन बोटाने ठरविता येते, त्या वाद्यावर हा हेतू सहज सफल होतो, हे प्रत्यक्ष वादनातून पडताळता येते.

अस्त आणि पुनरुज्जीवन

बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल हा या वाद्याचा सर्वश्रेष्ठ वादक मानला जाई. त्याच्या रचना बरोकोत्तर शैलीच्या असल्या, तरी १७५३ व १७६२ साली दोन भागांत प्रसिद्ध झालेला त्याचा वादनविषयक ग्रंथ बरोक परंपरेचाही आधारग्रंथ आहे. क्लॅव्हिकॉर्ड उत्तम वाजविणारा हार्पसिकॉर्डही वाजवू शकतो, पण याच्या उलट घडत नाही, असे प्रतिपादन त्यात आहे. १७७२ साली इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी याने हॅम्बुर्ग येथे त्याचे वादन त्याच्या घरी ऐकले आणि दीर्घ स्वरांतून निघणाऱ्या करुण आर्ततेचे वर्णन केले. १७८१ साली आपले लाडके झिल्बरमान क्लॅव्हिकॉर्ड एका शिष्यास देताना त्याने त्या वाद्याचा निरोप घेणारा एक रोंडो रचला.

तिकीट काढून ऐकावयाच्या जाहीर मैफली जसजशा वाढल्या, तसतशी मोठ्या आवाजाची गरज वाढली. ती पियानोने भागविली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लॅव्हिकॉर्ड मागे पडले. १८९४ साली आर्नल्ड डॉल्मेच याने इंग्लंडमध्ये नवे क्लॅव्हिकॉर्ड घडवून पुनरुज्जीवनास चालना दिली. १९९३ साली इटलीतील मान्यानो येथे या वाद्यावरील आंतरराष्ट्रीय परिसंवादांची मालिका सुरू झाली.

समारोप

बाखचे संगीत पियानोवर वाजवू नये, असा निष्कर्ष उपरोक्त विवेचनातून निघत नाही. परंतु वाद्य बदलले की प्रश्न बदलतात, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पियानोवर वादकास श्रोत्यांपर्यंत पोहोचावे लागते; क्लॅव्हिकॉर्डवर श्रोत्याला वादकाजवळ यावे लागते. ध्वनिमुद्रण ऐकताना आवाज वाढविला, तर हे नातेच नष्ट होते. म्हणून ते मंदच ऐकले पाहिजे. संगीताचा इतिहास सभागृहांतून लिहिला गेल्यामुळे ज्या वाद्यावर कित्येक संगीतकार घडले, ते इतिहासाच्या तळटीपेत गेले. घरातील सराव, एकांतातील मनन आणि स्वतःच्या कानासाठी केलेले वादन हाही संगीतव्यवहाराचा भाग आहे. त्याची दखल घेतल्याशिवाय बरोक संगीताचे आकलन पूर्ण होत नाही.