दोन लिटर पाण्याचं कारंजं आणि रिसर्च प्रॉब्लेम

पेटची तयारी करणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो: "टॉपिक कसा शोधायचा?" आज त्याचं उत्तर लहान मुलांच्या एका खेळण्यातून बघू. खेळणं घरी करता येतं आणि त्याला महागडी लॅब लागत नाही.

आधी अडचण समजून घ्या. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आपल्याच बीड जिल्ह्यात आहे, केज तालुक्यात धनेगावला. ते तेव्हा कोरडं पडलं होतं. अशा जिल्ह्यात उन्हाळ्यात लेकरांनी पाण्यात खेळायचं म्हटलं, की घरचे ओरडणारच. ऊसतोडीहून आई-बापासोबत परतलेली पोरंही नेमकी याच दिवसांत गावात असतात. पाणी नाही म्हणून खेळच नाही, असं त्यांना सांगायचं का?

"मुलांसाठी पाण्याचा खेळ बनवणे" हा झाला विषय. "तेच दोन लिटर पाणी पुन्हा पुन्हा वापरून, विजेशिवाय, कारंजं किती उंच उडवता येईल?" हा झाला प्रश्न. दोन्हींतला फरक लक्षात घ्या. दुष्काळानं घातलेल्या अटीमुळंच प्रश्न नेमका झाला.

याचं उत्तर जुनं आहे. पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावानं हे कारंजं ओळखलं जातं. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ बाटल्या, नळ्या आणि रिफिलींपासून खेळणी करून दाखवली, त्याच जातीतलं हे काम.

सामान: एक प्लास्टिकचं भांडं, एकसारख्या दोन बाटल्या (एक-एक लिटरच्या), गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप, रिकाम्या रिफिलचं तोंड आणि एम-सील. भांडं सगळ्यात वर ठेवा, 'अ' बाटली त्याच्या थोडी खाली आणि 'ब' बाटली जमिनीवर. दोन्ही झाकणांना दोन-दोन भोकं पाडा, भांड्याच्या तळालाही दोन.

पहिली नळी भांड्याच्या तळापासून 'ब'च्या तळापर्यंत. दुसरी 'ब'च्या झाकणाखालून 'अ'च्या झाकणाखाली. हिच्यातून फक्त हवा जाते. तिसरी 'अ'च्या तळापासून वर, भांड्यातल्या पाण्याच्या बाहेर डोकावणारी. हिच्या टोकाला रिफिल. सगळे सांधे एम-सीलनं बंद करा, हवा गळली की खेळ संपला. 'अ' पाऊण भरा, 'ब'मध्ये दोन बोटं पाणी ठेवा म्हणजे नळीचं टोक बुडेल. आता भांड्यात पाणी ओता.

भांड्यातलं पाणी 'ब'मध्ये उतरतं, तिथली हवा दाबली जाते. तो दाब नळीतून 'अ'मध्ये पोचतो आणि तिथलं पाणी वर फेकतो. फुकटची ऊर्जा यात कुठंच नाही. आपण पाणी उंचावर ठेवलं, तीच ऊर्जा. बीडजवळच्या खजाना विहिरीचं पाणीही सोळाव्या शतकात भुयारातून उताराच्याच जोरावर शेतांकडं नेलं होतं.

आता संशोधनाचा भाग. गणित मांडलं तर कारंज्याची भांड्यातल्या पाण्यावरची कमाल उंची 'अ' आणि 'ब'मधल्या पाण्याच्या पातळ्यांच्या फरकाएवढी येते. फरक 50 सें.मी. असेल तर उंची जास्तीत जास्त 50 सें.मी. भांडं आणखी वर उचललं तरी ती वाढत नाही! हा अंदाज प्रयोगाच्या आधी वहीत लिहा. नंतर लिहिलेला अंदाज हा अंदाज नसतो.

दुसरी गोष्ट. 'अ'ची पातळी 1 सें.मी. उतरली की 'ब'ची साधारण तेवढीच चढते. म्हणजे फरक 2 सें.मी.नं घटतो. म्हणून रीडिंग घेताना दोन्ही पातळ्या नोंदवा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

मोजलेली उंची अंदाजापेक्षा कमीच भरेल. ती तफावत लपवू नका, खरा प्रॉब्लेम तिथंच आहे. नळीतलं घर्षण? रिफिलचं तोंड? हवेचा विरोध? एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, प्रत्येक स्थितीत पाच-पाच रीडिंग घ्या. सिनॉप्सिसमध्ये ज्याला आपण 'व्हेरिएबल' आणि 'कंट्रोल' म्हणतो, ते हेच.

'अ' रिकामी झाली की 'ब'मधलं पाणी परत 'अ'मध्ये ओता, दोन बोटं राहू द्या. खेळताना मोठं माणूस जवळ हवं, तोंड कारंज्यावर नेऊ देऊ नका. संध्याकाळी पाणी झाडाला घाला. साठवून ठेवलं तर डास होतात.

टॉपिक शोधताना "मला कशावर काम करायचंय?" एवढ्यावर थांबू नका. माझ्या गावाची अट कोणती, त्या अटीत काय मोजता येईल आणि माझा अंदाज कुठं चुकू शकतो, हे तीन प्रश्न कागदावर उतरवा. मग गाईडकडं जा.